एका मिलिमीटरचा वास

“अहो, माझी भाजीची सुरी कुठाय?”

वैशालीवहिनींनी स्वयंपाकघरातून विचारलं. हॉलमधून उत्तर आलं नाही, पेट्रोलचा वास आला. वहिनी बाहेर आल्या तर डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर काळ्या रबराचे चार तुकडे ओळीने मांडलेले आणि प्रत्येकावर पांढरं स्टिकर: ‘इंजेक्टर नळी क्र. १’, ‘इंजेक्टर नळी क्र. २’... शेजारी सुरी. तिच्यावर स्टिकर नव्हतं, पण तीही पुराव्यात जमा झाल्यासारखी दिसत होती. आणि या सगळ्यावर वाकलेले मधुकरराव आचरेकर, हातात व्हर्निअर, चेहऱ्यावर पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरचं गांभीर्य.

“आता भेंडी कशाने चिरू?”

“दुसरी सुरी घे ना.”

“दुसरीने तुम्ही परवा बॅटरीची वायर सोललीत.”

“मग वरणभात लाव. भेंडी पुढच्या शनिवारी खाऊ. गाडीला उद्या अकराची मुदत आहे.”

गाडी म्हणजे १९८६ सालची पांढरी जर्मन गाडी. मधुकरराव महापेच्या ज्या कंपनीत क्वालिटी मॅनेजर होते, तिथले डायरेक्टर निवृत्त झाले तेव्हा ती गाडी कुणीच घेईना. मग त्यांनी मधुकररावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “आचरेकर, हिची कदर फक्त तुम्हालाच कळेल.” खांद्यावर हात ठेवला की मधुकरराव काहीही घ्यायचे. गाडी दोन वर्षं चालली आणि नऊ वर्षं उभी राहिली. मधुकरराव तिला ‘क्लासिक’ म्हणायचे. वहिनी तिला ‘ते’ म्हणायच्या. कोपरखैरण्यातली त्यांची सोसायटी तिला ‘स्लॉट नंबर चौदा’ म्हणायची, कारण गाडी आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत अशी शंका यायला नऊ वर्षांत कुणाला संधीच मिळाली नव्हती.

ती संधी सोमवारी आली. लिफ्टमध्ये नोटीस लागली: सहा महिन्यांहून जास्त काळ जागची न हललेली गाडी हे वाहन नसून सामान आहे. तरी स्लॉट नंबर चौदाच्या मालकांनी रविवारी सकाळी अकरा वाजता कमिटीसमोर गाडी चालू करून आवारात एक फेरी मारून दाखवावी, अन्यथा स्लॉट रद्द होईल. खाली सही सेक्रेटरी प्रियदर्शिनी मॅडमची. पार्किंगच्या वेटिंग लिस्टवर पहिलं नाव कुणाचं होतं, ते नोटिशीत लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. मॅडमची दुसरी गाडी गेले चार महिने रस्त्यावर उन्हात उभी होती आणि मॅडम येता-जाता तिच्याकडे आजारी मुलाकडे बघावं तशा बघायच्या.

अठ्ठावीस घरं आणि पंधरा स्लॉट. अशा बिल्डिंगमध्ये माणसाला एक वेळ दुसरी नोकरी मिळेल, दुसरा स्लॉट मिळत नाही. आणि स्लॉट गेला की गाडी जाणार कुठे? भंगारात. मधुकररावांची झोप उडाली.

गावातल्या गॅरेजवाल्या देवजीने त्यातल्या त्यात बरंच निभावलं होतं. नवी बॅटरी घातली, टाकी साफ केली, ताजं पेट्रोल भरलं. गुरुवारी त्याने बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि बाहेर काढून म्हणाला, “शेठ, इंजिन झकास हाय. पन ह्या इंजेक्टरच्या नल्या बघा, पापरासारख्या जाल्यान. पंप चालू केला का पेट्रोल कारंज्यासारखं उरंल. चार नल्या बदलाच्या, बास.”

“मग बदल की.”

“उद्यापास्नं भाच्याची हलद हाय, उरणला. रविवारी येतंव.”

“रविवारी किती वाजता?”

देवजीने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. “शेठ, हलद हाय. टाइम कसा सांगू?” मग स्कूटरला किक मारता मारता म्हणाला, “तवर तुमी गारीला हात नका लावू हां.”

हे शेवटचं वाक्य देवजी बोलला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. तेवीस वर्षं लोकांच्या फॅक्टरीतल्या चुका काढणाऱ्या माणसाला कुणी ‘हात नका लावू’ म्हणतं का? मधुकररावांनी शुक्रवारी संध्याकाळी ‘नळी बदलण्याची कार्यपद्धती’ नावाचा सोळा टप्प्यांचा कागद तयार केला. त्यातला टप्पा पहिला होता: जुना नमुना जपून ठेवणे. सुरी कुणाची घ्यावी याबद्दल कागद गप्प होता.

शनिवारी दुपारी ते नमुने घेऊन वाशीला गेले. स्पेअर पार्टच्या दुकानात शिरल्या शिरल्या दुकानदाराने विचारलं, “सॅम्पल आणलंय?” मधुकररावांना गहिवरून आलं. जगात पद्धतशीर माणसं अजून शिल्लक होती.

दुकानदाराने नळी क्रमांक एक हातात घेतली, भोकात करंगळी घालून बघितली आणि मागच्या पोराला ओरडला, “आठची काढ रे, प्रेशरवाली!”

“थांबा,” मधुकरराव म्हणाले. “तुम्ही करंगळीने मोजता?”

“वीस वर्षं हीच करंगळी आहे साहेब.”

मधुकररावांनी खिशातून व्हर्निअर काढला. आजूबाजूची गिऱ्हाइकं आदराने बाजूला झाली. “नऊ,” ते म्हणाले. “बरोब्बर नऊ मिलिमीटर.”

“साहेब, चाळीस वर्षं पेट्रोल पिऊन फुगलीय ती. नवी होती तेव्हा आठचीच होती.”

“नमुना काय सांगतोय?”

“नमुना म्हातारा झालाय साहेब.”

“हे बघा, मी तेवीस वर्षं क्वालिटीत आहे. नमुन्याबरहुकूम नसलेला माल मी आजवर घेतला नाही. अर्ध्या मिलिमीटरसाठी मी अख्खा ट्रक परत पाठवलाय!”

“त्या ट्रकवाल्याचं काय झालं हो?” दुकानदाराने विचारलं, पण नऊची नळी कापून दिली. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हे त्याचंही क्वालिटीचं धोरण होतं.

नव्या नळ्या अशा काही बसल्या की मधुकररावांना स्वतःचंच कौतुक वाटलं. देवजी असता तर घामाघूम झाला असता, शिव्या घातल्या असत्या. इथे नुसती टेकवली की नळी आपली आत.

“बघ, लोण्यासारखी जाते,” त्यांनी खाली चहा घेऊन आलेल्या वहिनींना दाखवलं.

“जाते की सैल आहे?”

“ह्याला परफेक्ट फिट म्हणतात.”

“माझ्या सासूबाईंच्या बांगड्या मला अश्शाच परफेक्ट फिट होत्या,” वहिनी म्हणाल्या आणि कप घेऊन वर गेल्या.

बरोबर पाच वाजता मधुकररावांनी क्लिपा आवळून चावी फिरवली. पंप घुर्र झाला. एक सेकंद, दोन सेकंद, तीन सेकंद. मग ‘फट्’ असा छोटासा, जवळजवळ सभ्य आवाज आला आणि नळी क्रमांक तीन जागेवरून उडाली. पेट्रोल उघड्या बॉनेटवर आदळलं, तिथून पार्किंगच्या भिंतीवर आणि उरलेलं, बघायला धावत आलेल्या मधुकररावांच्या शर्टावर. परत फिरून त्यांनी चावी काढली, बॅटरीची वायर सोडवली. ही दोन्ही शहाणपणाची कामं सोळा टप्प्यांमध्ये कुठेही नव्हती. मग त्यांनी आगीसाठी टांगलेल्या लाल बादल्यांमधली वाळू सांडलेल्या पेट्रोलवर ओतली. वाळूत जास्त भाग सिगारेटच्या थोटकांचा होता. वॉचमन भैरू टँकरवाल्याशी भांडायला गेटवर गेला होता. कुणी पाहिलं नाही. बॉनेट लावून, गाडीवर कव्हर घालून, घरी जाऊन अंघोळ केली की विषय संपला, असं त्यांना वाटलं.

पण स्लॉट नंबर चौदाच्या अगदी शेजारून बिल्डिंगची डक्ट वर जात होती. थेट प्रत्येक स्वयंपाकघराच्या खिडकीजवळून.

सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज पाच दहाला पडला: ‘गॅसचा वास येतोय का कोणाला?’ पाच चौदापर्यंत एकोणीस जणांना यायला लागला होता. ज्यांना सर्दी होती त्यांनाही. पाच वीसला सगळी बिल्डिंग खाली होती. कुणी लॅपटॉप घेऊन, कुणी दागिन्यांचा डबा उशीच्या अभ्र्यात घालून, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या अरुणाताई कुकर घेऊन, कारण दोन शिट्ट्या झाल्या होत्या आणि तिसरी राहिली होती.

“गॅसचे कॉक बंद केलेत ना सगळ्यांनी? कोणी बटणं दाबू नका!” प्रियदर्शिनी मॅडम ओरडत होत्या.

ओल्या केसांचे मधुकरराव नवा शर्ट घालून गर्दीच्या मागे उभे राहिले. वहिनी त्यांच्याजवळ सरकल्या आणि त्यांनी एकदाच नाकाने श्वास घेतला.

“अहो, हा गॅसचा वास नाहीये. हा तुमचा वास आहे.”

“हळू बोल.”

“काय उडालं?”

“तीन नंबर.”

“सांगून टाका ना मग. लोक कुकर घेऊन उभे आहेत.”

“सांगितलं तर उद्याची फेरी कशाला, स्लॉट आत्ताच जाईल! पार्किंगमध्ये पेट्रोल म्हणजे मॅडमना आयतंच. दहा मिनिटं थांब, वास आपोआप जाईल.”

वास जायच्या आत मॅडम आल्या. “आचरेकर साहेब! गॅसवाले म्हणतात दोन तास लागतील. तुम्ही क्वालिटीवाले आहात. तुम्ही बघता का जरा, लीक कुठेय ते? तुमच्याशिवाय कोणाला कळणार?” मॅडमनी खांद्यावर हात ठेवला नव्हता, पण आवाजात ठेवला होता.

वहिनी चपलेकडे बघत राहिल्या.

मधुकररावांनी वाटीत साबणाचं पाणी घेतलं, दाढीचा ब्रश घेतला आणि तपास सुरू केला. एकेका घरात जायचं, कॉक उघडायचा, शेगडीच्या नळीला फेस लावायचा, बुडबुडा येतो का बघायचं, कपाळाला आठ्या घालायच्या आणि “इथे ठीक आहे” म्हणायचं. स्वतः केलेला गुन्हा अठ्ठावीस घरांत शोधायचा होता, त्यामुळे घाई नव्हती. लोक मागोमाग हिंडत होते. एका घरात त्यांना कोकम सरबत मिळालं, दुसऱ्या घरात चकल्या. सोळा स्वयंपाकघरं झाली. सतरावं तिसऱ्या मजल्यावरचं, खुद्द प्रियदर्शिनी मॅडमचं.

तिथे फेस लावला आणि बुडबुडा आला.

मधुकरराव सगळ्यांत जास्त दचकले. दुसरा बुडबुडा आला. तिसरा टपोरा होऊन फुटला. त्यांनी कॉक बंद केला, शेगडी पुढे ओढली. मागे लपलेल्या नळीला बोटभर चीर होती.

“मॅडम, ही नळी कधीची?”

“अय्या, माहीत नाही. लग्नानंतर घर लावलं तेव्हाची असेल.”

“मुलगा कितवीत आहे?”

“बारावीत.”

मागच्या गर्दीतून “बापरे” असा सामुदायिक उद्गार निघाला. मधुकररावांना आता थांबवणं कुणालाच शक्य नव्हतं. “मॅडम, रबराला वय असतं! वरून चांगलं दिसतं, आतून फुगतं, तडकतं. चाळीस वर्षांची नळी म्हणजे... म्हणजे अठरा, अठरा वर्षांची नळी म्हणजे घरात बॉम्ब आहे बॉम्ब. पाच वर्षं झाली की नळी बदलायची. ह्यात हयगय करणारा माणूस स्वतःबरोबर सगळ्या बिल्डिंगला घेऊन जातो!”

टाळ्या पडल्या. एवढ्यात पेट्रोलचा वासही वाऱ्याने उडून गेला. कॉक बंद आणि वास बंद, म्हणजे लीक हेच, यावर अठ्ठावीस घरांचं एकमत झालं. अरुणाताईंनी वर जाऊन तिसरी शिट्टी केली.

“खरी गळती निघाली की गं,” घरी आल्यावर मधुकरराव वहिनींना म्हणाले. “म्हणजे मी पेट्रोल उडवलं नसतं तर ती सापडलीच नसती. एका अर्थी...”

“त्या अर्थाने उद्या शाल घ्या,” वहिनी म्हणाल्या.

शाल खरंच मिळाली. रविवारी अकरा वाजता, ज्या वेळी गाडीची परीक्षा व्हायची होती त्याच वेळी, पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून मधुकररावांचा सत्कार झाला. नारळ झाला. “ज्यांनी बिल्डिंग वाचवली, त्यांच्या गाडीची कसली परीक्षा घ्यायची?” मॅडम गहिवरून म्हणाल्या. “ती नोटीस आम्ही मागे घेतोय. आणि आजपासून आचरेकर साहेब आपल्या सोसायटीचे सुरक्षा प्रमुख!” मधुकररावांनी कव्हर घातलेल्या गाडीकडे डोळे भरून पाहिलं. स्लॉट वाचला होता. फेरी न मारता वाचला होता.

एवढ्यावर त्यांनी घरी जायला हवं होतं. पण मॅडमनी सकाळी फोनवर सुचवलं होतं, “सुरक्षा प्रमुख म्हणून थोडे नियम लिहून आणाल का?” क्वालिटीच्या माणसाला ‘थोडे’ कळत नाही. मधुकररावांनी सकाळी आठ ते दहा बसून अकरा नियम लिहिले होते. घट्ट, चिरेबंदी, कुठून वारा शिरणार नाही असे. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

“नियम एक. कोणतंही इंधन वाहून नेणारी, पाच वर्षांहून जुनी रबरी नळी ज्या कोणत्याही वस्तूला असेल, ती वस्तू नळी बदलेपर्यंत सोसायटीच्या आवारात ठेवता येणार नाही. नियम दोन. अंमलबजावणी आजपासून. कोणतीही सबब ऐकली जाणार नाही.”

पुन्हा टाळ्या पडल्या. उरलेले नऊ नियम, जेवायची वेळ होत आल्यामुळे, वाचले असं समजून मंजूर झाले. मग मॅडमनी कुतूहलाने विचारलं, “साहेब, कोणतंही इंधन म्हणजे पेट्रोलपण आलं ना?”

“अर्थात! पळवाट ठेवायचीच नाही.”

“मग तुमच्या गाडीच्या नळ्या?”

‘नव्या आहेत’ हे शब्द मधुकररावांच्या जिभेवर आले. आणि तिथेच थांबले. नव्या म्हटलं की ‘कधी बदलल्या’ येणार. काल म्हटलं की ‘किती वाजता’ येणार. पाच म्हटलं की पाच दहाचा मेसेज सगळ्यांच्या मोबाइलमध्ये होता. कंपनीत याला ते ‘मूळ कारणापर्यंत पोचणे’ म्हणत आणि नव्या पोरांना शिकवत. इथे ते तीन सेकंदांत पोचले.

“जुन्या,” मधुकरराव म्हणाले. “शहाऐंशीच्या. मूळच्या.”

“अरेरे,” मॅडम म्हणाल्या. “पण आता नियम म्हणजे...”

“ठरावाला माझं अनुमोदन,” वैशालीवहिनी म्हणाल्या.

लोक कृतज्ञ होते. वीस जणांनी गाडीला हात लावला. “साहेब, तुम्ही नुसतं स्टिअरिंगला बसा!” म्हणाले. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ अशा थाटात मधुकररावांना गाडीसकट ढकलत गेटबाहेर नेण्यात आलं. परत येईपर्यंत चौदा नंबरमध्ये मॅडमची दुसरी गाडी उभी होती. तात्पुरती, असं त्या म्हणाल्या.

दोनच्या सुमाराला देवजी आला. कानापर्यंत पिवळा, आवाज पार बसलेला, डोळे तांबारलेले. गाडी रस्त्यावर बघून त्याने काही विचारलं नाही. बॉनेट उचललं, एका नळीला नुसतं बोट लावलं आणि ती निघून त्याच्या हातात आली.

“शेठ, नऊची कोनी घातली?”

मधुकरराव रस्त्यापलीकडच्या झाडाकडे बघत होते.

“हात नका लावू सांगलेलं ना? ह्येला आठची लागतंय. शेमरं पोर पन सांगंल.” देवजीने स्कूटरच्या डिकीतून आठची नळी काढली. ती चढवताना तो घामाघूम झाला, त्याने शिव्या घातल्या आणि अर्ध्या तासात म्हणाला, “मारा चावी.”

पंप घुर्र झाला. एक, दोन, तीन. आणि इंजिन लागलं. पहिल्या फटक्यात, कुठे ठसका नाही, थरथर नाही. नऊ वर्षं मुकी बसलेली गाडी अशा मऊ आवाजात बोलायला लागली की मधुकररावांनी शालीचं टोक डोळ्यांना लावलं. वहिनी कुतूहलाने शेजारी येऊन बसल्या. सेक्टरला एक चक्कर झाली. एकही थेंब गळला नाही. वहिनींनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि म्हणाल्या, “बरी चालते की हो.” लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. मधुकररावांना याहून मोठी पावती मिळाली नव्हती.

त्यांनी ऐटीत गाडी सोसायटीच्या गेटवर आणली आणि हॉर्न दिला. भैरू केबिनमधून बाहेर आला आणि आडवा दांडा तसाच ठेवून उभा राहिला.

“साहेब, दाखला?”

“कसला दाखला? गेट उघड.”

“भाईर गेलेली वस्तू दाखल्याबिगर आत घ्यायची न्हाई. नियम सात.” त्याने केबिनवर चिकटवलेला कागद दाखवला. तासाभरापूर्वी मॅडमनी तो लॅमिनेट करून पाठवला होता. “सुरक्षा परमुकाची सही पायजे.”

“अरे, मीच सुरक्षा प्रमुख! आण, सही करतो.”

“त्ये हाय ठावं. पन नियम नऊ बी तुमीच लिवलाय न्हवं?”

मधुकररावांनी काचेतून मान बाहेर काढून नियम नऊ वाचला. ‘सुरक्षा प्रमुखाने स्वतःच्या मालकीच्या वस्तूची तपासणी स्वतः करू नये. अशा प्रसंगी ती सेक्रेटरी यांनी त्यांच्या सवडीने करावी.’ सवडीने हा शब्द त्यांनी सकाळी मुद्दाम घातला होता. बाईमाणसाला मुदत घालून देणं बरं दिसत नाही म्हणून.

“मग मॅडमना बोलाव.”

“इचारलं की मगाशीच इंटरकॉमवर, तुमी चक्कर मारत हुता तवा. म्हनल्या, सध्या सवड न्हाई.”

“कधी होईल?”

भैरूने कागदावरून बोट वरून खालपर्यंत फिरवलं. “तसं लिवलेलं न्हाई साहेब.”

गेटच्या सळ्यांमधून चौदा नंबर स्वच्छ दिसत होता. तिथली गाडी आता सावलीत होती आणि तिच्यावर नवं कोरं कव्हर चढलं होतं.

“तो कागद इकडे दे,” मधुकरराव म्हणाले.

इंजिन चालूच होतं. त्यांनी चष्मा लावला आणि अकराच्या अकरा नियम पहिल्यापासून वाचले. मग पुन्हा एकदा, शेवटापासून उलटे वाचले. तेवीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या कागदांमधून भोकं शोधून काढली होती. भल्या भल्या फॅक्टऱ्यांचे कागद त्यांनी चाळणीसारखे करून परत पाठवले होते.

“सापडलं काही?” वहिनींनी विचारलं.

मधुकररावांनी नकारार्थी मान हलवली. एवढा निर्दोष दस्तऐवज त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच लिहिला होता.